पैमाशरावांचे सरळ कोंब

पैमाशरावांच्या हाताखाली गव्हाचा कोंब कधी वाकडा उगवला नाही, आणि माझ्या हाताखाली क्वचितच सरळ उगवला. गहू तोच, पाणी तेच, खोली तीच. मी दाणे मांडायचो ते त्यांच्याकडे चोरून बघत मांडायचो. ते जशी दाण्याची खाच खाली करून ठेवत तशीच ठेवायचो. तरी झाकण काढलं की त्यांच्या ताटलीतले कोंब कवायतीला उभ्या राहिलेल्या पोरांसारखे ताठ, आणि माझे जत्रेतून परत निघालेल्या माणसांसारखे चहूकडे पांगलेले. माझ्या ताटलीकडे बघून ते म्हणायचे, "येतील, येतील. उगं घाई करायलात तुम्ही." इतक्या मायेनं म्हणायचे की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आता कोंब सरळ आला काय आणि वाकडा आला काय, एवढं मनाला लावून घेण्यासारखं त्यात काय होतं, असं कुणालाही वाटेल. म्हणून आमचं काम काय होतं ते आधी सांगतो. पिंपरीला निर्वासितांच्या कॅम्पाच्या कडेला लष्कराची एक जुनी बराक होती, तिच्यात आमची प्रयोगशाळा. फवारणीची औषधं विकणाऱ्या एका कंपनीनं ती काढली होती. त्या काळात फळबागांसाठी एक नवीन औषध आलं होतं, त्याला हार्मोन म्हणायचे. झाडावर मारलं की फळ लवकर फुगायचं, लवकर पिकायचं. पण तोडणीच्या वेळी त्यातलं किती औषध फळात शिल्लक राहतं, हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं, आणि फळ तर माणसं खाणार. ते शोधण्याची यंत्रं परदेशात असतील. आमच्याकडे गहू होता. फळ ठेचायचं, स्पिरिटमध्ये भिजवायचं, गाळायचं, आटवायचं, आणि त्या अर्कात गव्हाच्या कोंबांचे एकसारखे कापलेले तुकडे तरंगत ठेवायचे. शेजारच्या ताटलीत फवारा न मारलेल्या फळाचा अर्क, त्यातही तसेच तुकडे. दुसऱ्या दिवशी भिंगाखाली पट्टी धरून मोजायचं. फवाऱ्याच्या ताटलीतले तुकडे जितके जास्त लांबलेले, तितकं औषध शिल्लक. हे सगळं अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, कारण कोंबाला दुसरा उजेड सोसत नाही. कोंब वाकडा असला की तुकडा वाकडा, आणि तुकडा वाकडा असला की माप खोटं.

म्हणून कापायचं काम पैमाशरावांचं आणि मोजायचं माझं, अशी वाटणी साहेबांनी करून टाकली होती. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, पुण्याचे, विलायतेत शिकून आलेले. त्यांना ही वाटणी फार न्याय्य वाटायची. मला ती एकानं स्वयंपाक करावा आणि दुसऱ्यानं वाट्या मोजाव्यात तशी वाटायची. बरं, जो माणूस पट्टीला हात लावत नव्हता त्याचंच नाव पैमाशराव पडलेलं.

नाव पडलं ते त्यांच्या भाषेवरून. ते परभणीकडचे. निजामाच्या राज्यात त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं, रसायनशास्त्रसुद्धा. मराठी घरचीच, पण प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की तोंडात ते जुने शब्द यायचे. ॲसिडला तेजाब म्हणायचे, आणि प्रयोग मांडून झाला की हात झटकून म्हणायचे, "चला, आता पैमाश बाकी." पैमाश म्हणजे मोजमाप. साहेब या शब्दावर बेहद्द खूश. पाहुणे आले की पैमाशरावांना मुद्दाम बोलतं करायचे. मीही गावाकडचे चार अस्सल शब्द अधूनमधून पेरून बघितले. त्यावर साहेब म्हणाले, "दत्तात्रय, प्रयोगशाळेत जरा शुद्ध बोलत चला." तेव्हापासून मी शुद्ध बोलतो आणि मनातल्या मनात अशुद्ध.

काम सुरू करण्याआधी पैमाशराव हात धुवायचे आणि पुसायचे नाहीत. दोन्ही पंजे वर धरून, हवेत वाळेपर्यंत तसेच उभे राहायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "फडक्याचा वास लागतो हाताला. कोंबाला परक्या वासाची सवय नसते." मग हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत आत जायचे. काय गुणगुणायचे ते कधी कळलं नाही, पण त्या सुरावर पातं खाली यायचं आणि कोंबाचा तुकडा टचकन वेगळा व्हायचा. मीही हात न पुसता उभा राहून पाहिलं. गुणगुणूनही पाहिलं. बाहेरून साहेबांनी विचारलं, कुणाला बरं नाही का?

एकदा कोंब एकाएकी खुरटायला लागले. बुटके, जाडे, रुसल्यासारखे. माझेच नाहीत, पैमाशरावांचेसुद्धा, त्यामुळे खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा जरा बरंच वाटलं. पण साहेबांनी येऊन विचारलं ते मला, "दत्तात्रय, पाणी बदललं होतं ना?" पैमाशराव खोलीत गेले, नाक वर करून एक फेरी मारली आणि खालच्या फळीवरची आंब्याची करंडी उचलून बाहेर आणली. साहेबांनीच ती गारव्याला म्हणून तिथं ठेवली होती. पिकणाऱ्या फळातून एक वायू निघतो आणि त्यानं कोंब खुरटतात, हे आम्ही तिघंही पुस्तकात शिकलेलो होतो. पैमाशराव साहेबांना म्हणाले, "साहेब, आंबे श्वास सोडायलेत. पोरांचा जीव घुसमटतोय." साहेब खो खो हसले आणि सगळ्यांना एकेक आंबा वाटला. हेच मी म्हणालो असतो तर मला वरिष्ठांशी कसं बोलावं यावर व्याख्यान मिळालं असतं. तो आंबा मी खाल्ला, पण गोड लागला नाही.

कॅम्पात तीच तऱ्हा. तिथल्या सिंधी चहावाल्यानं माझ्याशी कधी "और?" याच्यापलीकडे शब्द उच्चारला नव्हता. पैमाशराव आले आणि त्याच्या दुकानात त्यांच्यासाठी एक वेगळं स्टूल राहू लागलं. दुपारच्या सुट्टीत ते त्याला उर्दू वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, आणि तो म्हातारा चूल सोडून ऐकत बसायचा. मी शेजारी उभ्यानं चहा प्यायचो. एके दिवशी म्हाताऱ्यानं माझ्यासाठीही स्टूल पुढे केलं आणि विचारलं, "आप इनके दोस्त हैं ना?" त्या भागात माझी ओळख हीच.

पण कोंब, साहेब, स्टूल, हे सगळं मी पचवलं असतं. मला जे हवं होतं ते वेगळंच होतं, आणि ते त्या माणसानं माझ्या डोळ्यांदेखत घेतलं, असं मला वाटायचं.

मी तळवड्याचा. आमचं घर शेतकऱ्याचं. इंद्रायणीच्या अंगाला आमची अंजिराची बाग. गावातून पदवीपर्यंत गेलेला मी पहिला. लोकांना वाटत होतं मी मामलेदार होणार, निदान मास्तर. आणि मी काय करतो, तर पिंपरीला जाऊन अंधारात गव्हाचे कोंब मोजतो. आमचे वडील, आबा, याविषयी कधी चकार शब्द बोलले नाहीत. चावडीवर कुणी विचारलं की "हाय कंपनीत" एवढं सांगायचे. त्यांनी मला एकदा तरी विचारावं, काय करतोस, कसं करतोस, कशासाठी करतोस, एवढीच माझी इच्छा होती. मी सांगायला तयार बसलो होतो. संध्याकाळी सायकल टेकवली की ते म्हणायचे, "आलास? बैलांस्नी पानी दाव." विषय संपला.

अशात कंपनीला अंजिरावर हार्मोनची परीक्षा घ्यायची होती. साहेबांनी मला विचारलं, तुमच्या घरची बाग मिळेल का? मी मोठ्या उमेदीनं आबांकडे विषय काढला. आबा म्हणाले, "औशध आजारी मान्साला देत्यात. माज्या झाडांस्नी काय झालंय?" आणि उठून गेले. मी साहेबांना नकार कळवला. तेव्हा पैमाशराव म्हणाले, "मी येऊ का एकदा? बाग तर बघू." आम्ही दोघं सायकली मारत तळवड्याला गेलो.

बाग बघणं म्हणजे त्यांनी काय केलं, तर आबांच्या शेजारी बांधावर बसून अख्खी दुपार घालवली. औषधाचं नावसुद्धा काढलं नाही. कुठलं झाड कुणी लावलं, चिकानं बोटं कशी फुटतात, पाखरं कुठली येतात, हेच. आईनं भाकरी आणि ठेचा आणला तर भाकरी हातावर घेऊन खाल्ली आणि म्हणाले, "माय, आमच्याकडं बी अशीच थापतात." आईनं आणखी एक आणून वाढली. संध्याकाळी आबा आपण होऊन म्हणाले, "ते तुमचं औशध म्हंत्यात त्ये मारा की मंग. अर्ध्या बागेला मारा. पर काय झालं तर तुमच्या नावानं बोंब मारीन." पैमाशराव म्हणाले, "मारा आबा. हक्कच आहे तुमचा." आबा! मी ज्यांना जन्मभर आबा म्हणत आलो त्यांना हा माणूस एका दुपारीत आबा म्हणू लागला, आणि ते ओ देऊ लागले. परतताना मी सायकल मुद्दाम पुढे काढली. मागून हाक आली, "दत्तूभाऊ, हळू! तुमचा बाप लई मोठा माणूस आहे राव!" ते मला माहीत नव्हतं असं त्यांना वाटत होतं की काय कोण जाणे.

त्यानंतर त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. फवारा मारला, मग झाडं बघायला; झाडं बघितली, मग आबांना बघायला. मी ओसरीवर बैलांची दावी वळत बसायचो आणि विहिरीच्या कठड्यावर ते दोघं बोलत बसायचे. शब्द ऐकू यायचे नाहीत. मधूनच आबांचं हसू ऐकू यायचं. आबा हसतात कसे हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. आई म्हणायची, "तू बी जाऊन बस की." मी म्हणायचो, मला कामं आहेत.

अंजिरं खरंच लवकर फुगली. साधी झाडं अजून हिरवी होती तेव्हा फवाऱ्याच्या झाडांवर फळ जांभळं व्हायला लागलं. तोडणीआधी नमुने आले. आबांनी दोन टोपल्या भरून पाठवल्या, एक औषधाच्या झाडांची, एक बिनऔषधाच्या, पानं अंथरून, वर पांढरं फडकं बांधून. पैमाशरावांनी कोंब कापले, मी दुसऱ्या दिवशी पट्टी लावली. दोन्ही ताटल्यांतले तुकडे सारखे! पुन्हा मोजलं. सारखेच. म्हणजे औषध पूर्ण उतरलेलं, फळात काहीही शिल्लक नाही, फळ खुशाल बाजारात न्यावं. मला इतका आनंद झाला की मी साहेबांकडे जायच्या आधी सायकल काढून सरळ तळवड्याला गेलो. माझ्या कामातलं पहिलंच असं काही, जे आबांच्या उपयोगाचं होतं. म्हटलं, "आबा, तोडा. फळ साफ आहे. मी मोजलंय." आबांनी माझ्याकडे वर मान करून बघितलं. "तू मोजलंस?" "हो." "बरं." आणि दुसऱ्या दिवशी तोडणी धरली. त्या "बरं"वर मी रात्रीचं जेवण जास्त जेवलो.

सकाळी प्रयोगशाळेत आलो तर पैमाशराव त्या दोन ताटल्यांपुढे उभे. म्हणाले, "दत्तूभाऊ, दोन्ही इतके सारखे कसे? औषध मारलंय, थोडं तरी बोलायला पाहिजे ना." मी म्हणालो, "उतरलं असेल." ते म्हणाले, "इतक्या लवकर?" मला वाटलं, झालं, यांना माझं बघवत नाही. तसं तोंडावर म्हणालोही. ते रागावले नाहीत. "बरं बरं" म्हणाले, सायकलीत हवा भरली आणि निघून गेले. मी मोठ्या अभिमानानं माझे आकडे साहेबांपुढे ठेवायला कागद काढला, पण एकही आकडा न लिहिता तो परत खणात ठेवला.

ते परतले दुपार कलल्यावर. साहेबांकडे गेले नाहीत. मला बराकीच्या मागं नेलं आणि काय झालं ते सांगितलं. आमच्या बागेच्या तोंडाशी एक जुनं झाड आहे, ते भैरोबाचं. त्याची पहिली फळं देवाला जातात, आणि पाहुण्याला फळ द्यायचं तर त्याच झाडाचं द्यायचं, ही आमच्या घरची रीत. त्या झाडावर आबांनी औषध मारूच दिलं नव्हतं, देवाच्या झाडाला कसलं औषध? आणि प्रयोगशाळेत साहेब लोकांकडे फळं जायची म्हटल्यावर टोपल्यांत घातली तीही त्याच झाडाची. दोन्ही टोपल्यांत! आबांना वाटलं, आपण कंपनीचा मान राखला. औषधाची फळं मोठ्या माणसांच्या घरी पाठवायची म्हणजे कमीपणा. मी देवाचं फळ देवाच्या फळाशी ताडून बघत होतो. ते सारखंच भरणार होतं.

"हे तुम्हांला आबांनी सांगितलं?" मी विचारलं.

"मी विचारलं, टोपलीतली फळं कुठल्या झाडाची? तर सांगितलं की. हौसेनं सांगितलं."

मला चुकीचं वाईट वाटायला हवं होतं. तेही वाटलं, पण नंतर. आधी वाटलं ते हे, की आबांनी त्यांना सांगितलं. माझ्या घरची रीत, माझ्या देवाचं झाड, लहानपणी ज्याच्या फांदीवरून मी पडलो ते झाड, आणि त्याच्यावर फवारा पडला नाही हे परभणीच्या माणसाला ठाऊक, मला नाही. पैमाशराव म्हणाले, "चला, तोंड पाडून काय होणार? आपल्या हातानं तोडू, परत कापू, परत मोजू. साहेबांना आणि आबांना एकदमच सांगू." आम्ही औषधाच्या झाडांची फळं स्वतः तोडून आणली. त्यांनी कोंब कापले. दुसऱ्या दिवशी मी भिंग लावलं आणि पट्टी बाजूला ठेवली, कारण पट्टीची गरजच नव्हती. तुकडे नुसत्या डोळ्यांना लांब दिसत होते. तरी पैमाशराव म्हणाले, "मोजा. एकेक मोजा. आबांना सांगायचंय."

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात पाट्या भरून लागल्या होत्या. अंजीर नाजूक, तोडलं की थांबत नाही. पुण्याच्या मंडईत न्यायला गाडी जुंपायची तेवढी बाकी होती. मला वाटलं पैमाशराव बोलतील. ते फाटकाशीच सायकल धरून उभे राहिले. "तुम्ही सांगा. माप तुमचं आहे." मी पुढे झालो. कसंबसं सांगितलं, की आबा, परवा मी सांगितलं ते देवाच्या झाडाचं होतं. या फळांत औषध आहे. ही बाजारात नेता येणार नाहीत.

आबांनी ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावरून फाटकाकडे बघितलं. "ह्ये खरं हाय का, पैमाशराव?"

असं विचारतील हे मला ठाऊक होतं. तरी कुणी कानाखाली मारल्यासारखं झालं. पैमाशराव म्हणाले, "मला काय विचारायलात आबा? मी नुसता कापतो. मोजलंय त्यांनी. ते म्हणतात तर आहे."

आई दारात पदर तोंडाला लावून उभी. मग आबांनी पहिली पाटी उचलली आणि उकिरड्याच्या खड्ड्यात ओतली. मग दुसरी. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तू लाव पुन्यांदा तुजं माप. कवा उतरतंय त्ये सांग. तवर ऱ्हायलेल्या झाडांस्नी हात लावत न्हाई." एवढा माल डोळ्यांदेखत खड्ड्यात गेला, आणि ते ओरडले नाहीत. पण हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांचं तोंड पैमाशरावांकडे होतं. मला तेवढंच दिसलं.

त्यानंतर आम्ही दर काही दिवसांनी फळं तोडून आणत होतो, मोजत होतो. फरक हळूहळू कमी होत गेला, आणि एके दिवशी दोन्ही ताटल्या खरोखरच सारख्या आल्या. मी जाऊन सांगितलं. आबांनी राहिलेलं फळ तोडलं आणि मंडईत पाठवलं. "पैमाशराव न्हाई आले?" एवढं विचारलं. कंपनीनं त्यावरून औषध मारल्यापासून तोडणीपर्यंत किती थांबायचं ते ठरवलं. साहेबांनी आमचं दोघांचं कौतुक केलं, त्यांचं आधी आणि माझं नंतर.

पुढच्या वर्षी परभणीकडे शेतीखात्यात पैमाशरावांना जागा मिळाली. घरची माणसं तिकडेच होती, जायलाच हवं होतं. मी तोंडानं म्हणालो, फार चांगलं झालं. मनात म्हणालो, बरं झालं, आता निदान आमच्या ओसरीवर मी एकटाच मुलगा राहीन. जायच्या दिवशी त्यांची ट्रंक सायकलच्या कॅरिअरला बांधून पिंपरी स्टेशनवर आणली. बघतो तर फलाटावर आबा. धोतर स्वच्छ, डोक्याला नवा फेटा. गाडी जुंपून तळवड्याहून एकटे आलेले. मी कॉलेजला गेलो, नोकरीला लागलो, तेव्हा ते वेशीपर्यंतसुद्धा आले नव्हते. पैमाशराव त्यांच्या पाया पडले. आबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. मी ट्रंक धरून उभा होतो.

गाडी सुटताना पैमाशराव खिडकीतून मला म्हणाले, "दत्तूभाऊ, कोंब घाईला येत नसतात. बाकी तुम्हांला शिकवण्यासारखं माझ्याकडं काही नाही." मी हात हलवला. इंजिनाचा धूर फार आहे असं स्वतःशी म्हणत तोंड वळवलं.

गाडी दिसेनाशी झाली तरी आबा रुळांकडे बघत होते. मग वळले आणि म्हणाले, "तुजी ती लाल खोली कुटं हाय? दाव."

मी त्यांना कॅम्पातून चालवत बराकीत आणलं. साहेब नव्हते. चपला बाहेर काढून ते देवळात शिरावं तसे आत आले. डोळे सरावेपर्यंत भिंतीला हात लावून उभे राहिले. मी ताटली काढून पुढे ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. कोंब अंधारात का ठेवतात, तुकडे का कापतात, अर्क कसा काढतात. इतकी वर्षं तोंडाशी घेऊन बसलो होतो ते सगळं भडाभडा बाहेर पडत होतं. आबा मान डोलावत होते. मधेच मी म्हणालो, "आता साध्या फळाची ताटली शेजारी ठेवतात, ती अशासाठी की..." तर आबा म्हणाले, "फळात सोताचं बी थोडं औशध असतंय. त्ये वजा कराया."

मी थांबलो. "हे तुम्हांला कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? त्येच. यायचे तवा दुसरं काय बोलायचे? तुजंच. दत्तूभाऊनं असं मोजलं, दत्तूभाऊनं तसं मोजलं. म्या कापतो त्येला काय लागतंय म्हनायचे, हात बसला की झालं. पर मोजताना ह्यो मानूस मनासारखा आकडा आला तरी पुन्यांदा मोजतो. म्हनून तर म्या त्या दिशी पाट्या वतल्या." आबांनी भिंग हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "म्या म्हनायचो, मंग त्यो मला सोता का सांगत न्हाई? तर हसायचे. म्हनायचे, आबा, तुमी इचारत न्हाई आन् त्यो सांगत न्हाई, मी तरी पिंपरीहून किती फेऱ्या माराव्या?"

विहिरीच्या कठड्यावरच्या त्या सगळ्या दुपारी मला आठवल्या. मी ओसरीवर दावी वळत ज्यांच्यावर जळत बसलो होतो, त्या दुपारी माझ्याच होत्या. आनंद झाला, खूप झाला. पण त्या लाल उजेडात त्याहून मोठा होता तो हेवाच. सरळ कोंबांचा हेवा परवडला. माझ्या बापाजवळ बसून, मला जे एकदाही जमलं नाही, ते या माणसानं हसतखेळत केलं होतं, आणि आता त्याच्याशी भांडायलाही तो जागेवर नव्हता. आज आबा नाहीत, पैमाशरावही नाहीत. हेवा अजून आहे. तो जाऊ नये असंच वाटतं.

आबा म्हणाले, "बोल की. का थांबलास?" मी पट्टी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, तुम्हीच मोजा. त्यांना आकडे वाचता येत नव्हते. त्यांनी एक तुकडा पट्टीशी धरला, त्याच्या टोकाशी अंगठ्याचं नख रोवलं आणि नख माझ्यापुढे केलं. मी आकडा वाचला. "आनखी एक घे," ते म्हणाले, आणि ताटली संपेपर्यंत आम्ही दोघं मोजत राहिलो.